रबराखालचा धातू

पावसाळ्याआधी स्पीडबोटी किनाऱ्यावर यायला लागल्या की मालकांचे फोन सुरू होतात. बोट स्टर्न ड्राइव्हची असेल तर मागणी बहुतेक एकच असते : ‘मिस्त्री, बेलोज बदलून टाका.’ बेलोज म्हणजे ड्राइव्ह आणि बोट यांना जोडणारी घड्याघड्यांची रबरी नळी. ती फाटली की बोटीत पाणी शिरतं हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय, आणि ते चांगलंच झालं. पण हे रबर ज्या धातूवर चढवतात तो धातू कसा आहे, हे मला कोणी विचारत नाही. जुनं रबर ओढून काढायचं, नवं चढवायचं, क्लँप आवळायचा, बिल द्यायचं. त्या क्लँपखाली बेल हाउसिंगची जी गोल कॉलर असते ती खाऊन गेली असेल, तर नव्या कोऱ्या रबराचा काडीचा उपयोग नाही.

हे नीट समजायला स्टर्न ड्राइव्ह काय असतो ते आधी सांगायला हवं. गेटवेहून एलिफंटाला जाणाऱ्या लाँचींचं डिझेल इंजिन पोटात असतं. शाफ्ट तळातून बाहेर निघतो आणि त्याच्या टोकाला पंखा. आपल्या ट्रॉलरचंही तेच. छोट्या होड्यांना आउटबोर्ड, म्हणजे अख्खं इंजिनच मागे टांगलेलं. स्टर्न ड्राइव्ह या दोघांच्या मधला. इंजिन आत, बोटीच्या मागच्या फळीला लागून; आणि फळीच्या बाहेर एक पाय. इंजिनची ताकद फळीतल्या भोकातून आडवी बाहेर येते, पायातून खाली उतरते आणि पुन्हा आडवी होऊन पंख्याला मिळते. पाय डावीउजवीकडे वळतो, म्हणून वेगळं सुकाणू लागत नाही. वर उचलता येतो, म्हणून बोट उथळ पाण्यात नेता येते. जिम विन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही कल्पना. व्होल्व्हो पेंटाने ती ‘अॅक्वामॅटिक’ या नावाने १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात आणली आणि १९६१ साली मर्क्युरीवाल्यांनी ‘मरक्रूझर’ काढला. कल्पना फारच हुशार. पण तिच्यासाठी बोटीच्या फळीत पाण्याच्या रेषेजवळ मोठं भोक पाडावं लागतं. त्या भोकातून समुद्र आत येऊ न देणं हे या सगळ्या यंत्रणेचं पहिलं काम आहे. वेग वगैरे नंतर.

मी ज्यावर सर्वांत जास्त हात चालवला तो मरक्रूझरचा अल्फा वन. फळीला बोल्टांनी कायमची बसते ती गिंबल हाउसिंग. तिच्यात डावीउजवीकडे फिरते ती गिंबल रिंग. त्या रिंगमध्ये दोन बाजूंच्या दोन पिनांवर वरखाली झुलते ती बेल हाउसिंग, आणि बेल हाउसिंगच्या पाठीवर सहा स्टडना ड्राइव्ह. गिंबल हाउसिंग आणि बेल हाउसिंग यांच्यामधली जागा उघडीच असते, समुद्र तिथून आरपार वाहतो. त्या वाहत्या पाण्यातून इंजिनचा फिरता शाफ्ट जातो, इंजिनचा धूर जातो, गिअरची केबल जाते. प्रत्येकाला आपापलं रबर. यातलं शाफ्टचं रबर सर्वांत मोलाचं, कारण त्याच्या आत हाडासारखं कोरडं राहायला हवं. तिथे युनिव्हर्सल जॉइंट फिरतो आणि त्याच्या पुढे गिंबल बेअरिंग असतं. पाणी शिरलं की आधी बेअरिंग गंजतं, बोट वळवताना घरघर करतं, आणि मग पाणी बेअरिंग ओलांडून बोटीत उतरतं.

ज्या बोटीबद्दल सांगणार आहे ती दोन इंजिनांची, दोन ड्राइव्हची. हंगामात अपोलो बंदरासमोर मुरिंगला, म्हणजे पाण्यातच बांधलेली, असायची आणि शनिवार-रविवारी मांडव्याला यायची. तिच्या तांडेलाने मला पहिल्यांदा सांगितलं, ‘दादा, बॅटरी उतरते. रातचा पंप चालतो. पानी कुठशी येतंय ते कलत नाय.’ त्याने स्वतःच बराच शोध घेतला होता. इंजिनच्या पाण्याचे होस, एक्झॉस्टचे जोड, तळातले व्हॉल्व्ह सगळे हाताने चाचपून बघितले होते. बेलोज आदल्या पावसाळ्यातच बदललेले, त्यामुळे संशय तिकडे गेलाच नव्हता. मालकांचंही तेच म्हणणं होतं : मागच्या वर्षी पैसे खर्च केलेत, तिकडे बघू नका, दुसरीकडे शोधा.

जूनच्या तोंडावर अमावास्येच्या उधाणाची भरती धरून बोट खाडीकाठच्या शेडमध्ये ओढली. मुंबईच्या या पट्ट्यात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या वर जातो, त्यामुळे तारीख आणि वेळ धरूनच हे काम करावं लागतं. बोट वर आल्यावर पहिल्यांदा दिसतं ते शेवाळ आणि शिंपल्यांची पुटं. आमच्या पाण्यात ती बेलोजच्या घड्यांमध्येसुद्धा धरतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, आणि ड्राइव्ह वर उचलला की घडी मिटते आणि तीच कड रबरात रुतते. म्हणून मी आधी लाकडी पट्टीने सगळं हळूहळू खरवडून काढलं आणि टॉर्च धरून दोन्ही बाजूंची रबरं घडीघडीने बघितली. तांडेल माझ्यामागून वाकून बघत होता. ‘रबर तर नवाच हाय,’ तो म्हणाला. खरंच होतं. कुठे चीर नाही, कुठे भेग नाही.

तरीही डाव्या बाजूचा ड्राइव्ह काढायचं ठरवलं, कारण ड्राइव्ह हाताने वळवला की त्या बाजूला बारीक करकर लागत होती. अल्फा वन काढताना गिअर पुढच्या पोझिशनला टाकावा लागतो, नाहीतर आतली कपलिंग सरळ सुटत नाही. मग दोन ड्राइव्हना जोडणारा दांडा सोडवला, ट्रिमचे सिलिंडर मागून सोडवले, सहा नट काढले. दोघांनी मिळून ड्राइव्ह मागे ओढला, तेव्हा बेलोजच्या तळातून मातकट पाण्याची धार जमिनीवर आली. शाफ्टच्या खाचांवर लाल गंज. बेअरिंगच्या आत बोट घालून फिरवलं तर वाळू भरल्यासारखं खरखरलं. पाणी बेलोजमध्ये होतं, आणि बेलोज शाबूत होता.

मी क्लँप सोडवला आणि रबर कॉलरवरून मागे सारलं. रबर सुटताना त्याच्यासोबत पांढरी पूड निघाली, बोटांना लागली तर ओलसर, खडूच्या लगद्यासारखी. ती तारेच्या ब्रशने झाडली तेव्हा खालची कॉलर दिसली. वरचा भाग गुळगुळीत आणि गोल, आणि खालच्या अर्ध्या भागाला नुसते खड्डे. काही खड्डे एकमेकांत मिसळून त्यांची आडवी खाच झाली होती आणि ती खाच क्लँपच्या रुंदीच्या पलीकडे निघाली होती. पाण्याला आणखी काय हवं? आदल्या वर्षी ज्याने कोणी रबर चढवलं त्याने त्या खड्ड्यांवर चिकटद्रव्य भरपूर थापलं होतं, त्याचे वाळलेले लाल थर अजून तिथे होते. क्लँप आवळलेलाच होता. पण क्लँप रबराला दाबतो, रबर खड्ड्यात उतरत नाही.

अॅल्युमिनियम समुद्रात टिकतं ते त्याच्या अंगावरच्या पातळ ऑक्साइडच्या थरामुळे. तो थर ओरखडला तर हवेतल्या किंवा वाहत्या पाण्यातल्या ऑक्सिजनने पुन्हा धरतो. रबराखाली मात्र थेंबभर खारं पाणी अडकून पडतं, त्यातला ऑक्सिजन संपतो आणि थर पुन्हा धरत नाही. वर मिठातलं क्लोराइड धातू पोखरत राहतं. म्हणजे ज्या जागेवर आपण रबर चढवून निर्धास्त होतो, नेमकी तीच जागा सर्वांत आधी जाते. बाहेरून कितीही बघा, दिसणार नाही. रबर उचलल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

आता मला उजवी बाजू बघायची होती. तांडेलाला वाटलं, कशाला उगाच चांगली बाजू उघडायची. पण एकाच बोटीवर, एकाच पाण्यात, तितकीच वर्षं राहिलेले दोन ड्राइव्ह समोर असताना दुसरा न उघडता मी झोपलो नसतो. उजवा ड्राइव्ह काढला, रबर सारलं. कॉलरवर एकदोन ठिकाणी हलकी पांढरट झाक. बोट फिरवलं तर धातू सलग, गुळगुळीत. बेलोज कोरडा. बेअरिंग तेलावर फिरल्यासारखं फिरलं.

मग फरक कशाचा? मी दोन्हींकडे आलटून पालटून बघत बसलो आणि शेवटी नजर गेली ती एका तारेवर. गिंबल रिंगपासून बेल हाउसिंगपर्यंत करंगळीएवढ्या लांबीची एक अर्थिंगची तार असते. इथे ती विजेच्या झटक्यापासून वाचवायला नसते, तिचं काम वेगळं. समुद्राच्या पाण्यात वेगवेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यातला जो सर्वांत हलक्या प्रतीचा तो झिजतो. म्हणून आपण मुद्दाम जस्ताचे नाहीतर अॅल्युमिनियमच्या खास मिश्रधातूचे ठोकळे लावतो. त्यांना अॅनोड म्हणतात. ते झिजतात आणि हाउसिंग वाचते. पण अॅनोड ज्या भागाला धातूने जोडलेला असेल त्याच भागाला वाचवतो. बेल हाउसिंग तर पिनांवर, बुशांवर, वॉशरांवर झुलते, मध्ये ग्रीस. तिचा पक्का धातूचा जोड म्हणजे ही तार. उजव्या बाजूची तार शाबूत होती. डाव्या बाजूची टर्मिनलपाशी तुटलेली, टोकाला हिरवी भुकटी.

त्यात आणखी एक भर. ड्राइव्हच्या अंगावरचे अॅनोड दोन्ही बाजूंनी रंगवलेले. रंगाऱ्याने बोटीचा तळ रंगवता रंगवता ड्राइव्हसुद्धा छान एकसारखा काळा करून टाकला होता. रंगाखालचा अॅनोड म्हणजे नुसतं वजन; पाणी लागलं नाही तर तो झिजणार कसा? राहिला होता गिंबल हाउसिंगच्या खालच्या अंगाचा अॅनोड, जिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचला नाही. उजव्या बाजूचा तो अर्ध्याहून जास्त झिजलेला. तारेतून तो उजव्या बेल हाउसिंगलाही सांभाळत होता. डाव्या बाजूचा बराच शिल्लक होता, कारण त्याच्या वाट्याला आलेलं काम त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. झिजलेला अॅनोड बघून मालक नाराज होतात आणि न झिजलेला बघून खूश होतात. मला उलट वाटतं. न झिजलेला अॅनोड दिसला की मी मल्टिमीटर काढतो.

मालकांना फोटो पाठवले. त्यांचा फोन आला. ‘मिस्त्री, एपॉक्सी भरून, घासून गोल करता येणार नाही का? हाउसिंगची किंमत बघितली का तुम्ही?’ किंमत मला माहीत होती. त्यांचा प्रश्नही चुकीचा नव्हता. जिथे ताण नाही, उष्णता नाही, तिथे धातूवर एपॉक्सी वर्षानुवर्षं टिकते. पण ही कॉलर ड्राइव्ह वळताना, उचलताना, लाटेवर आपटताना रबराचा ओढा सहन करते, आणि एपॉक्सीखालचा धातू आधीच क्लोराइडने भरलेला असतो. त्याचं आतून पोखरलं जाणं थांबत नाही. मी म्हटलं, ‘साहेब, पाण्याबाहेरचा भाग असता तर मीच भरून दिलं असतं. हिच्यात आणि बोट बुडण्यात दुसरं काही नाही. रात्री मुरिंगला बोटीवर कोणी नसतं, आणि तुमचा पंप बॅटरीवर चालतो.’ ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘जुनी मिळेल का?’

जुनीला माझी हरकत नव्हती, पण ती गोड्या पाण्यातली हवी. हे यंत्र जिथे वाढलं तो मुलूख गोड्या पाण्याचा. मर्क्युरीचं मुख्यालय विस्कॉन्सिनमध्ये फाँड डू लॅक इथे, विनेबेगो सरोवराच्या काठी. तिकडे बोट ट्रेलरवरून तळ्यात सोडतात, संध्याकाळी बाहेर काढतात, हिवाळाभर घरात ठेवतात. तिथली वीस वर्षांची हाउसिंग आमच्याकडच्या तीन वर्षांच्या हाउसिंगपेक्षा चांगली निघू शकते. पण दलालाकडून येणारी जुनी हाउसिंग कुठल्या पाण्यातली हे सांगणार कोण? शेवटी मालकांनी नवीनच मागवली, आणि दोन्ही बाजूंचे बेलोज, डावं बेअरिंग, केबल, क्लँप सगळं सोबत. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पुष्कळ लोक या टप्प्यावर दुसऱ्या मिस्त्रीकडे जातात.

नवी येईपर्यंत जुनी उतरवली. बेल हाउसिंग उतरवण्यात सर्वांत अवघड त्या दोन पिना. त्या बसवताना आट्यांना लॉकटाइट नावाचा पक्का धरणारा गोंद लावतात, आणि नंतर समुद्र त्यावर आपलं काम करतो : स्टेनलेसची पिन, भोवती अॅल्युमिनियम, मध्ये मीठ. त्यांच्यासाठी वेगळी चावी येते; साध्या पान्याने प्रयत्न केला तर पिनेचं तोंड गोल होतं आणि मग ड्रिलशिवाय इलाज राहत नाही. घाई करायची जागाच नाही ही. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी गॅसची बारीक ज्योत पिनेच्या भोवतालच्या धातूवर फिरवत राहिलो, एका जागी न थांबता, कारण अॅल्युमिनियम लाल होऊन सांगत नाही, एकदम बसतं. लॉकटाइट तापून सुटायला लागलं की जळक्या प्लॅस्टिकसारखा वास येतो. तो वास आला की चावी बसवून लांब दांड्याने जोर द्यायचा, झटका नाही, सलग जोर. उजव्या हाताची पिन किरकिरत सुटली. डाव्या हाताचीला पुन्हा शेक, पुन्हा तेल, पुन्हा शेक. माझ्यासोबतचा पोरगा हातोडा घेऊन तयार होता. मी त्याला हातोडा खाली ठेवायला लावला. रिंग फुटली असती तर अख्खी फळी उघडायची वेळ आली असती. अखेर दुपारी ती हलली.

नवी हाउसिंग आल्यावर मी सर्वांत आधी तार लावली. तांडेलाला आश्चर्य वाटलं, की एवढा मोठा भाग बसवायचा राहिला आणि दादा तारेला लागलेत. पण नंतर तिथे हात पोचत नाही, आणि हात पोचत नाही म्हणूनच ती तार सगळीकडे राहून जाते. कलई केलेल्या तांब्याची तार, दोन्ही टोकांना दाबून बसवलेली टर्मिनलं, खाली धातू घासून चकचकीत. हाउसिंग बसल्यावर मल्टिमीटरचं एक टोक बेल हाउसिंगला आणि दुसरं गिंबल हाउसिंगच्या अॅनोडच्या बोल्टला लावलं. काटा शून्याला टेकला तेव्हा मी पुढे गेलो.

जुलैत रबर चिकटवणं हा एक वेगळाच त्रास. डब्यावर दिलेली वेळ कोरड्या हवेची. इथे शेडच्या पत्र्यावर पाऊस कोसळतोय आणि हवा पिळून काढावी इतकी ओली. कॉलर थिनरने पुसली तरी दोन मिनिटांत तिच्यावर दमटपणा धरतो. मी मोठा हॅलोजन दिवा लावून हाउसिंग कोमट केली, मग चिकटद्रव्य लावलं, आणि घड्याळाकडे न बघता बोटाच्या पाठीने तपासत राहिलो. बोटाला चिकटेल पण बोटावर उतरणार नाही, अशा अवस्थेत रबर चढवायचं. आधी चढवलं तर घसरतं, उशीर झाला तर नुसतं बसल्यासारखं दिसतं. नंतर पिनांना १२९ न्यूटन-मीटर आणि ड्राइव्हच्या नटांना ६८, टॉर्क रेंचने. हाताच्या अंदाजावर माझा भरवसा आहे, पण या जागी तो वापरत नाही.

ड्राइव्ह चढवण्याआधी अलाइनमेंट. नवं बेअरिंग बसवलं की लांब सरळ दांडा त्यातून इंजिनच्या कपलरपर्यंत सारून बघावा लागतो. दांड्याच्या टोकावर ग्रीसचा पातळ लेप द्यायचा, आत घालायचा, न फिरवता बाहेर काढायचा. कपलरच्या दातांच्या खुणा ग्रीसवर चारी बाजूंनी सारख्या उमटल्या तर इंजिन सरळ. आमच्या दांड्यावर वरच्या बाजूला खुणा खोल आणि खाली जवळपास नाहीच. इंजिनच्या पुढच्या माउंटचे नट थोडे फिरवून पुन्हा बघितलं, पुन्हा फिरवलं. दांडा बोटांच्या जोराने आत गेला आणि खुणा सारख्या आल्या, तेव्हा ड्राइव्ह उचलायला माणसं बोलावली. हे न बघता ड्राइव्ह ठोकून बसवणारे मी पाहिलेत. त्यांच्या बोटींचे कपलर पुढच्या वर्षी माझ्याकडे येतात.

अॅनोड सगळे नवे लावले आणि रंगाऱ्याला स्वतः जाऊन सांगितलं की यांच्यावर कागद चिकटवून मगच ब्रश चालव. आणि ड्राइव्हवर शिंपले धरू न देणारा तांब्याचा अँटीफाउलिंग रंग नको, अॅल्युमिनियमला चालणाराच हवा. त्याला कोणी कधी कारण सांगितलं नव्हतं. कारण कळल्यावर त्याने शेडमधल्या दुसऱ्या एका बोटीचे अॅनोडही खरवडून मोकळे केले, न सांगता.

पाऊस ओसरल्यावर बोट पाण्यात गेली. मी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, उतरून दोन्ही बाजूंच्या फळीला कोरडं फडकं लावून ठेवलं आणि इंजिन चालू करून, ड्राइव्ह दोन्ही टोकांपर्यंत वळवून, वरखाली करून बघितलं. फडकी कोरडी. तांडेलाला सांगितलं की मुरिंगला ड्राइव्ह खालीच ठेवायचा, म्हणजे रबर ताणात राहत नाही, आणि शिंपले धरले की लाकडानेच खरवडायचे. त्याने मला मल्टिमीटर कसा लावायचा ते पुन्हा दाखवायला सांगितलं, स्वतः दोन्ही बाजूंना लावून बघितलं, आणि विचारलं, ‘ही कलईवाली तार कुठं भेटंल? मेव्हन्याच्या बोटीला बी हाच ड्राइव्ह हाय.’ माझ्याकडे गुंडाळी शिल्लक होती. त्यातली दोन वाव तोडून दिली आणि टर्मिनलं सोबत दिली.